आदमाचं पाप आणि आमचं बिऱ्हाड

रविवारी सकाळी आमचं चर्च भरतं, तेव्हा मी शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळच्या पुलावर असतो. सूतगिरणीची रातपाळी उतरून आलेलो. डोळ्यांत झोप, केसांत कापूस. आम्ही पाच जण. तिघं जन्मानं ख्रिस्ती, दोघं बौद्ध. पाच कटिंग आणि एक भांडण. घरचे याला वाया जाणं म्हणतात.

या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी इथंच डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. प्रश्न विचारायचे म्हणून. २०२४ साली कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली, तिघं सुटले. सूत्रधार कोण ते सिद्ध झालं नाही. म्हणजे प्रश्न विचारायला जागा बरोबर निवडलीय आम्ही.

माझ्या पणज्याचा बाप नगर जिल्ह्यातला महार. १८९९-१९०० च्या दुष्काळात तो मिशनच्या दारात गेला. मिशननं भाकर दिली, पाटी दिली, औषध दिलं, हात धरून ओसरीवर बसवलं. हे नाकारेल तो बेइमान. पण भाकरीबरोबर एक वाक्य पण दिलं : तू जन्मतःच पापी आहेस.

पंधरा वर्षांचा असताना मी संडेस्कूलमधे विचारलं, 'गाव म्हणालं, तू मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून महार. चर्च म्हणालं, आदमानं पाप केलं म्हणून तू पापी. दोन्हीकडं न केलेल्या पापाचं गाठोडं आमच्याच डोक्यावर. मग आम्ही बिऱ्हाड हलवलं कशाला?' मला बाहेर उभं केलं. उत्तर कुणी दिलं नाही.

उत्तर मिळालं पुलावर. माझा ख्रिस्ती दोस्त म्हणाला, 'फरक आहे गड्या. आदमाचं पाप बामणाच्या पण डोक्यावर आहे. तिथं सगळे सारखे.' मी गप्प झालो. मुद्दा खरा होता. मग बौद्ध दोस्त म्हणाला, 'सारखे असते तर तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला कॅथॉलिक कब्रस्तानात दलितांची थडगी वेगळी ठेवायला भिंत का घातली?' मग तो गप्प झाला. दोस्तहो, असं दोघांनी आळीपाळीनं गप्प व्हायचं, याला मी बोलणं म्हणतो. चर्चमधे एकच बोलतो आणि बाकीचे आमेन म्हणतात.

दुसरा प्रश्न सोसण्याचा. बापाची दोन बोटं मशीनमधे गेली तेव्हा मंडळीतले वडीलधारे घरी आले. डोळे मिटून प्रार्थना केली. म्हणाले, सोस, बक्षीस स्वर्गात आहे. भरपाईचा अर्ज एकानंही लिहिला नाही. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांना तोंडावर सांगितलं होतं : अस्पृश्याला ख्रिस्ती केलं की मिशनऱ्याला वाटतं आपलं काम झालं, त्याच्या राजकीय हक्कांकडं तो बघत नाही. आमच्या घरात ते भाषण कुणी वाचलं नव्हतं. माझ्या हाती ते गिरणीतल्या एका दोस्तानं दिलं.

आणि हे प्रश्न काय मी शोधून काढले? पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्रैक्याच्या सिद्धांतावरून आपल्याच धर्मगुरुणीशी पत्रांतून भांडल्या. क्रुसावर लॅटिन नको, संस्कृत हवं म्हणाल्या. (संस्कृत तरी आमच्या कुठल्या आयाबायांना येत होतं? हे पण विचारलंच पाहिजे.) ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे एकत्र बसतील असा 'देवाचा दरबार' मांडला. ज्योतीबांनी तर 'सार्वजनिक सत्य धर्म' पुस्तकात एकाच घरात बौद्ध बाई, ख्रिस्ती नवरा, मुसलमान लेक अशी माणसं प्रेमानं नांदवून दाखवली. आमचा पूल म्हणजे त्या घराची ओसरी.

आता सरकार. चर्चमधे मी 'बंधू'. गावात महार. सरकारी कागदावर ओबीसी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूला दिली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. त्यामुळं कितीतरी घरांत भिंतीवर येशू आणि दाखल्यावर 'हिंदू महार'. अशा घरातला माणूस मनातलं मोठ्यानं कसं बोलेल? बोलला तर पोराची फी जाते. तोंडाला कुलूप फक्त पाद्र्यानं घातलेलं नाही, कायद्यानं पण घातलंय.

आणि तुम्ही, दोस्तहो? तुम्ही म्हणता, 'कशाला डोकं पिकवतोस, बौद्ध हो आणि मोकळा हो.' येवल्याला १९३५ साली बाबासाहेब म्हणाले हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १९५६ साली. एकवीस वर्षं त्या माणसानं धर्म घासून पुसून बघितले. मला तुम्ही एकवीस रविवार पण देत नाही! बुद्धानं कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. मग विहारात उभं राहून तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला, ते आठवा. मी उद्या तुमच्याकडं येईन किंवा येणार पण नाही. आलो तर प्रश्न घेऊन येईन. चालेल?

गेल्या आठवड्यात मंडळीच्या पंचांचा निरोप आला. पुलावरची बैठक बंद कर, नाहीतर नाव काढू. नाव निघालं तर कब्रस्तानात आईशेजारी जागा नाही. आईनं निरोप ऐकला आणि पहिल्यांदाच विचारलं, 'जिवंतपणी हाताळत नाहीत, मेल्यावर जागा अडवणारे हे कोण?'

माझ्या घरातला तो दुसरा प्रश्न. पहिला मी विचारला होता.

येत्या रविवारी आम्ही पुलावर आहोत. या. चहा आपापला.

जयभीम.