प्रश्नावलीबाहेरचा माणूस

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक पाप घडले. ते प्रथम कबूल करून टाकतो. म्हणजे पुढचे चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार पोहोचेल.

आमच्या ओळखीचा एक मुलगा एका व्यवस्थापन संस्थेत शिकतो. ‘चाकण परिसरातील दुचाकी ग्राहकांचे वर्तन’ या विषयावर त्याला प्रकल्प सादर करायचा होता. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून आणायची आणि दर प्रश्नावलीमागे दहा रुपये घ्यायचे, असा आमचा व्यवहार ठरला. मी आणि माझा एक वर्गमित्र पहिले दोन दिवस प्रामाणिकपणे हिंडलो. चाकणचा तळेगाव चौक, महाळुंग्याचा रस्ता, खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्या असे सगळे पालथे घातले. बावन्न प्रश्नावल्या भरून झाल्या. तिसऱ्या दिवशी पाय बोलू लागले. उरलेल्या अठ्ठेचाळीस आम्ही एका चहाच्या टपरीवर बसून, पेने बदलून बदलून, स्वतःच भरल्या.

प्रकल्प सादर झाला. त्यात रंगीत वर्तुळे आली, टक्केवारी आली, ‘बहुसंख्य ग्राहक समाधानी आहेत’ असा निष्कर्षही आला. खऱ्या बावन्न आणि खोट्या अठ्ठेचाळीस यांतला फरक कोणालाही ओळखता आला नाही. मित्र हसला. मला मात्र त्या रात्री एक विचार छळू लागला. आम्ही लबाडी केली हे खरेच. पण दोन पोरांना टपरीवर बसून शंभर माणसांची मने भरता यावीत, असा जो कागद, त्या कागदात मुळात माणसाला जागा होती का?

ही शंका येण्याचे कारण बावन्नांपैकी एक जण. तो नांदेडकडचा, वय तेवीस-चोवीस. रात्रपाळी करून नुकताच खोलीवर आला होता. एका खोलीत पाच जण, दोघे झोपलेले. मी विचारले, “दादा, मासिक उत्पन्न किती?”

“कोणत्या महिन्याचं?” तो म्हणाला. “ओव्हरटाइम लागला तर एक, नाही लागला तर दुसरं. ब्रेक दिला तर काहीच नाही.”

मी पुढचा प्रश्न वाचला. पुढील बारा महिन्यांत दुचाकी खरेदी करण्याचा विचार आहे काय?

तो म्हणाला, “भाऊ, सहा महिन्यांनी मी इथं असंन का नाही ते मला ठाऊक नाही. रोज शेकड्यानं दुचाकीचे पार्ट माझ्या हातून जातात. माझी गाडी कधी येणार, ते तुमच्या त्या कागदालाच विचारा.”

मी उत्पन्नाच्या मधल्या चौकटीत खूण केली आणि खरेदीपुढे ‘अद्याप ठरवले नाही’ असे भरले. दोन्ही उत्तरे कागदापुरती बरोबर होती आणि दोन्ही खोटी होती.

वाचक मित्रहो, या प्रसंगावरून कोणा एका संस्थेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या संस्था अनेक आहेत. दरवर्षी त्यांतून ग्राहकांच्या वर्तनावर असे असंख्य प्रकल्प तयार होत असतील. माझे म्हणणे एवढेच की, ग्राहकाचा अभ्यास म्हणजे काय, हे ज्या भूमीने एकेकाळी साऱ्या देशाला शिकविले, त्याच भूमीत आपण तो धडा विसरत चाललो आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आज तेथे उंच उंच इमारती आहेत, झगझगीत दुकाने आहेत. पण याच गावावर पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला आणि भारतातील ग्रामीण पाहण्यांचा तो एक आद्य ग्रंथ मानला जातो. मॅनसाहेबांनी गावाची जमीन, पिके, कर्ज, मजुरी यांचा घरोघर हिशेब मांडला. १७७१ साली या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय नुसत्या शेतीवर बहुतेक कुटुंबांचे भागत नाही, खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणची मजुरी घरात येते तेव्हा कुठे चूल पेटते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. शंभर वर्षांपूर्वीच या पट्ट्यातला शेतकरी अर्धा कामगार झाला होता! आणि हे कळले कशामुळे? ‘आपण समाधानी आहात काय?’ असे विचारल्यामुळे नव्हे. घरात काय येते आणि काय जाते, हे धीराने मोजल्यामुळे.

पुढे १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली; तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. १९७१ साली याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हाताशी घेतलेली सामग्री कोणती? राष्ट्रीय नमुना पाहणीतील कौटुंबिक खर्चाचे आकडे. म्हणजे आजच्या भाषेत ‘ग्राहक वर्तनाचे’ आकडे! त्यांवरून त्यांनी हिशेब काढला की, १९६०-६१ च्या सुमारास ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्न मिळेल एवढाही खर्च करता येत नाही.

येथे थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. सामग्री एकच, माणूस किती खर्च करतो ही. एका पिढीने तिला विचारले, ‘कोणाच्या पानात कमी पडते?’ दुसरी पिढी विचारते, ‘कोणाच्या गळ्यात काय मारता येईल?’ शास्त्र बदललेले नाही. प्रश्न बदलला आहे.

हा बदल का झाला, हेही समजून घेतले पाहिजे. आमचे वडील सांगतात की, त्यांच्या तरुणपणी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परवाने आणि कोटे यांच्या त्या काळात आकुर्डीत तयार झालेली बजाजची स्कूटर दुकानात येण्याआधीच विकली गेलेली असे. ग्राहकाला काय हवे, हे विचारण्याची उत्पादकाला गरजच नव्हती. १९९१ नंतर दारे उघडली, स्पर्धा आली. १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज यांचे, तर २०१० साली महिंद्राचा कारखाना याच परिसरात आला. माल भरपूर झाला आणि गिऱ्हाईक शोधावे लागू लागले. तेव्हा ग्राहकाला किंमत आली, ही चांगलीच गोष्ट झाली. जुनी रांग परत यावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु रांगेतल्या माणसाला कोणी विचारत नव्हते, आणि आज विचारतात ते ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच. हेही तितकेच खरे.

आता कोणी म्हणेल की, कारखानदाराला गाडी विकायची आहे. ज्याला घ्यायची नाही त्याची विचारपूस त्याने का करावी? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. एका मर्यादित हेतूसाठी मर्यादित माहिती गोळा करणे यात गैर काही नाही. पण माझे उत्तर असे की, धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा ही पाहणी कच्चीच राहते. आपण वर्गात शिकतो की, मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ साली असे मांडले की माणूस या महिन्याच्या पगाराकडे पाहून खर्च करीत नाही. आपले कायमचे म्हणून जे उत्पन्न त्याला वाटते, त्यावर तो खर्च बेततो. मग ज्याच्या उत्पन्नात कायमचे असे काहीच नाही, त्या कंत्राटी कामगाराचे काय? त्याला ‘मासिक उत्पन्न किती’ विचारून काय हाती लागणार?

त्या दोन दिवसांत प्रश्नावलीत नसलेली एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. खोल्याखोल्यांतून प्रत्येकाजवळ हप्त्यावर घेतलेला चांगला मोबाईल होता. पण बहुतेक खोल्यांत कपाट नव्हते, खाट नव्हती. मला प्रथम वाटले, ही चैनीची हौस. मग लक्षात आले की, ही पोरे पिशवीत मावेल तेवढेच विकत घेतात! ब्रेक मिळाला की पिशवी उचलायची आणि गावची गाडी धरायची. हे वर्तन अत्यंत शहाणपणाचे आहे आणि त्यामागे नोकरीची अनिश्चितता आहे. कपाटाच्या कारखानदारालाही हे कळायला नको का? पण ‘खालीलपैकी कोणते वैशिष्ट्य आपणांस अधिक महत्त्वाचे वाटते’ या प्रश्नाला त्याचे उत्तर कसे सापडावे?

नाण्याची दुसरी बाजू पाहा. आमच्याच पंचक्रोशीत जमिनी विकून मोठ्या गाड्या घेणारे लोक आहेत. आपण थट्टेने त्यांना ‘गुंठामंत्री’ म्हणतो. प्रश्नावलीच्या हिशेबी हा ‘उच्च उत्पन्न गट’. पण ते उत्पन्न आहे काय? चार पिढ्यांची पूंजी एकदाच हातात आली आहे. उत्पन्न खाणे वेगळे आणि बियाणे खाणे वेगळे, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजते. आपल्या प्रकल्पांना समजत नाही. मॅनसाहेबांनी एकरांत मोजलेली जमीन आता गुंठ्यांत आली आहे, आणि गुंठ्यांतून चौरस फुटांत. त्या पैशाचे पुढे काय होते, पुढची पिढी कशावर जगते, याचा अभ्यास येथे बसून आपण नाही करायचा तर कोणी करायचा?

अर्न्स्ट एंगेल या जर्मन अभ्यासकाने १८५७ साली दाखविले की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपल्या आजीने सांगितले होते. एंगेलने त्याला आकडे दिले, एवढेच! २०२२-२३ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात ग्रामीण भागात हा वाटा सुमारे ४६ टक्के आणि शहरांत सुमारे ३९ टक्के आहे. चाकणच्या खोलीतल्या कामगाराचा किती? त्याच्या कमाईतले गावी किती जाते, मेसवाल्याला किती, भिशीत किती, हप्त्यात किती? तो ग्रामीण की शहरी? त्याचे कुटुंब एक, पण चुली दोन. एक येथे, दुसरी नांदेडला. त्याचा खर्च कोणत्या कोष्टकात लिहायचा?

माझी आपल्या महाविद्यालयाला आणि विशेषतः प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. आपण कला शाखेची मुले. रंगीत वर्तुळांत आपण व्यवस्थापनवाल्यांच्या मागेच राहणार. पण आपल्याजवळ एक गोष्ट आहे. आपण याच गावांत राहतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भाडेकरू कामगार आहेत, कित्येकांचे किराणा दुकान आहे आणि त्या दुकानात उधारीची वही आहे. अर्थशास्त्र मंडळाने तीस कुटुंबे निवडावीत, शंभर नकोत. त्यांच्या जमाखर्चाची नोंद बारा महिने ठेवावी; पगाराचा आठवडा, ब्रेकचा महिना, दिवाळी, जत्रा, शाळा सुरू होण्याचा जून महिना, सगळे त्यात यावे. कोणाचे नाव बाहेर जाऊ नये. वर्षअखेरीस निष्कर्ष ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना प्रथम सांगावेत, मग या अंकात छापावेत. शेजारच्या व्यवस्थापन संस्थेतील विद्यार्थ्यांनाही बरोबर घ्यावे. त्यांना आकडेमोड उत्तम येते, आणि त्यांनाही टपरीवर बसून प्रश्नावल्या भरण्याची हौस नसते. वेळ कमी, गुण थोडे आणि नोकरीची घाई, म्हणून तसे घडते. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. शंभराचा आकडा मागणाऱ्या आणि उत्तरे खरी की खोटी हे न तपासणाऱ्या पद्धतीचा आहे.

मी त्या अठ्ठेचाळीस प्रश्नावल्यांचे चारशे ऐंशी रुपये परत केले, असे येथे लिहिता आले असते तर बरे दिसले असते. तसे झाले नाही. निम्मे मित्राचे होते आणि माझे खर्च झाले होते. मात्र फेब्रुवारीत मी एकदा खराबवाडीच्या त्या खोलीवर गेलो. त्या दादाला नीट बसून, कागद न काढता, विचारायचे होते. खोलीत पाचच जण होते. पण तो नव्हता. ब्रेक मिळाला म्हणून गावी गेला, एवढेच कळले. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला होता.

माझ्या मित्राच्या त्या बांधीव प्रकल्पात मात्र तो अजून आहे. मध्यम उत्पन्न गट, खरेदीचा निर्णय अद्याप ठरलेला नाही, आणि एकंदरीत समाधानी!