पत्ता एक, पान कुठलंही

शेगाव-खामगाव बुलढाणा जिल्ह्यातच, पण त्यांचे पिनकोड ४४४ ने सुरू होतात. बुलढाण्याचा मात्र ४४३००१! १९७२ साली श्रीराम वेलणकरांनी आखलेला पिनकोड जिल्हा बघत नाही, पत्र कुठल्या टपाल कार्यालयाने वाटायचं ते सांगतो. पुढे पोस्टमन कुठल्या गल्लीने जातो, याच्याशी पाठवणाऱ्याला काय करायचंय?

आपल्या जावा प्रोजेक्टमध्ये मात्र यूआरएलमध्ये सरळ जेएसपी फाइलचंच नाव! फाइल हलवली की जुनी लिंक ४०४.

स्प्रिंगमध्ये यावर सोय आहे. विनंती आधी डिस्पॅचर सर्व्हलेटकडे येते, मॅपिंग बघून कंट्रोलरकडे जाते. कंट्रोलर 'निकाल' एवढंच नाव परत देतो. त्यावरून व्ह्यू रिझॉल्व्हर वेब-इन्फ फोल्डरमधली जेएसपी शोधतो. तिथली फाइल ब्राउझरमधून थेट उघडत नाही. उद्या जेएसपी जाऊन थाइमलीफ आलं, तरी पत्ता तोच.

"सबमिशनपुरतं एवढं कशाला?" असं म्हणाल. पण तोच प्रोजेक्ट पुढच्या बॅचच्या गळ्यात पडतो आणि निकालाची लिंक कुणीतरी जपून ठेवलेली असते. पत्ता देणं म्हणजे शब्द देणंच. तो पाळायला नको का? बघा, पटतंय का!