ब्रदर

शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावं दिली होती. त्यातलं १९८५ साली बांधलेलं एक जहाज म्हणजे ‘फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, पीव्हीसी’. हुद्दा, नाव, आडनाव, पदक, सगळं त्या एका नावात बसवलेलं. लढाऊ वैमानिकाचं नाव तेलाच्या जहाजाला कसं, हा प्रश्न मला आता पडत नाही. सरकारजवळ माणूस आठवायच्या जागा मोजक्याच असतात. जहाज, चौक, पुतळा, फार तर बेट. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही हे नाव मिळालं. लुधियानात पुतळा आहे आणि सेवेतून निवृत्त झालेलं एक नॅट विमानही त्या स्मारकात ठेवलेलं आहे.

हवाई दलाच्या १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मात्र हा माणूस ‘ब्रदर’ होता. समोर येईल त्याला तो ‘ब्रदर’ म्हणे, म्हणून सगळ्यांनी ते नाव त्याच्यावरच उलटवलं. कोल्हापुरात पानाच्या टपरीवर अनोळखी माणसालाही ‘भावा’ म्हणतात, त्याच जातीची ही सवय असावी. पुढच्या मजकुरात मी त्यांना ‘तो’ म्हणणार आहे. ‘ते’ म्हटलं की माणूस लगेच चौथऱ्यावर चढून बसतो आणि मग त्याच्या मित्रांना खालून मान वर करून बघावं लागतं.

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या सोसायटीतले एक निवृत्त विंग कमांडर हमखास ब्रदरचा विषय काढतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. ब्रदर त्यांच्या कोर्सचा नव्हता आणि त्याला भेटल्याचा दावाही ते करत नाहीत. पण नॅट त्यांनी उडवलेलं आहे. हे विमान आपल्या एसटीच्या बसपेक्षाही आखूड, लांबी नऊ मीटरच्या आत आणि पंखांचा पसारा सातच्या आत. ‘नॅटमध्ये बसायचं नसतं, ते अंगात चढवायचं असतं,’ हे त्या काळच्या वैमानिकांचं लाडकं वाक्य काकाही म्हणून दाखवतात. असं चिमुकलं विमान १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना भारी पडलं आणि त्याला ‘सेबर स्लेयर’ ही पदवी चिकटली.

१४ डिसेंबर १९७१ ची सकाळ. श्रीनगरच्या तळावर नॅट विमानं येऊन फार दिवस झाले नव्हते. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तिथे हवाई संरक्षणाची विमानं ठेवता येत नसत. पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा १८ स्क्वाड्रनची तुकडी वर गेली. पंजाबच्या सपाटीवरच्या इसेवाल गावातला हा पोरगा. त्याला ती उंची नवी, ते डोंगर नवे आणि काश्मीरचा डिसेंबर तर अगदीच नवा. लग्न होऊन काही महिनेच झालेले. त्या सकाळी पेशावरहून सहा सेबर आली, चार बॉम्ब टाकायला आणि दोन त्यांच्या राखणीला. डोंगरांच्या आडोशाने आलेल्या विमानांची चाहूल शेवटच्या क्षणीच लागते, तशी ती लागली.

धावपट्टीवर नॅटची जोडी तयार होती. पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुमान, मित्रांचा ‘जी-मॅन’, आणि मागे ब्रदर. जोडीतल्या दोन नंबरचं काम एकच असतं: लीडरची पाठ सोडायची नाही. लीडर शिकार बघतो, दोन नंबर लीडरच्या मागचं आकाश बघतो. पण पुढच्या विमानाने उडवलेल्या धुरळ्यामुळे ब्रदरला लगेच सुटता आलं नाही. धावपट्टी दिसू लागेपर्यंत सेबर डोक्यावर येऊन हल्लाही सुरू झाला होता. अशा वेळी विमानातून उतरून खंदकात उडी मारणाऱ्याला कुणी नावं ठेवली नसती. ब्रदर उडाला. धुरळ्यातले ते काही क्षण जोडी तोडायला पुरले. उड्डाणानंतर घुमानना आपला दोन नंबर डोळ्यांना दिसेना, आणि खाली झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर ब्रदर एकटाच सेबरच्या घोळक्यात भिडला होता.

मानपत्र सांगतं की त्याने दोन विमानांवर अचूक मारा केला आणि संख्येपुढे अखेर त्याचं काही चाललं नाही. मानपत्राला इतकंच सांगता येतं. मला त्या लढाईतल्या रेडिओचा विचार सोडवत नाही. घुमानना तो दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता. मी अमुक विमानांच्या मागे आहे, सोडणार नाही, हे सगळं रेडिओवर चालू होतं. आपल्याला गोळी लागली असावी, हे त्याने सांगितलं तेही ‘जी-मॅन’ या हाकेने, आता तू ये आणि यांना बघ अशा अर्थाने. हुद्दा नाही, आडनाव नाही. कंट्रोलवरून त्याला तळाकडे वळायला सांगितलं गेलं. विमान थोडा वेळ सरळ उडालं, मग उलटं होऊन खाली गेलं. कॉकपिटचं छत उडताना दिसलं, म्हणजे शेवटी त्याने बाहेर पडायचा प्रयत्न केला असणार. अवशेष एका घळीत सापडले. लष्कर आणि हवाई दलाने पुन्हा पुन्हा शोध घेऊनही देह मिळाला नाही. दोन दिवसांनी ढाक्यात शरणागतीच्या कागदांवर सह्या झाल्या.

परमवीरचक्राचे आजवरचे मानकरी एकवीस, आणि त्यांत हवाई दलाचा हा एकच. (त्या पदकाचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्माने त्या युरोपातल्या, आडनावाने आपल्या.) पण पदक माणसाची शेवटची काही मिनिटं जपतं. त्याआधीची सगळी वर्षं कुणी जपायची? ती मित्रांकडे असतात, आणि मित्रांना कुणी विचारत नाही.

आपल्याकडे वीरमरण आलं की गावच्या वेशीवर फ्लेक्स लागतो. त्यात जवानाचा फोटो मधोमध आणि भोवती ‘भावपूर्ण आदरांजली’ वाहणाऱ्या नेत्यांचे चेहरे. कधी कधी जवानापेक्षा मोठे. त्या फ्लेक्सवर त्याच्या बरॅकमधला, शेजारच्या खाटेवरचा माणूस मी कधी पाहिला नाही. शाळेच्या पुस्तकातल्या धड्यातही वीर जन्मल्यापासून शूर, आज्ञाधारक आणि निर्व्यसनी असतो. मित्राला मात्र आठवतं की हा घोरायचा, पत्त्यांत लबाडी करायचा, उसने पैसे विसरायचा. दोष हे मित्रांच्या ताब्यातलं खरं दफ्तर असतं. ब्रदरचे दोष मी इथे लिहू शकत नाही, कारण माझ्यापर्यंत त्याचा पराक्रमच तेवढा पोचला आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे. ज्यांना ते दोष ठाऊक होते त्यांतले जे आहेत ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. युद्धांचे नकाशे आणि उड्डाणांच्या नोंदी आपण ठेवतो. मेसमधल्या गप्पा नोंदवायचं काम कुठल्या खात्याकडे आहे?

एक साक्ष मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. त्या दिवशी ब्रदरला पाडणारे पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनी पुढे लेख लिहून त्याच्या लढण्याचं मनापासून कौतुक केलं. लढाऊ वैमानिकाला शत्रू काही मिनिटांपुरताच भेटतो, तोही तोंड न दाखवता. तरी त्या वळणांतून, त्या पाठलागातून समोरचा माणूस कसा आहे हे त्याला कळत असावं. हेही एका तऱ्हेचं ओळखणंच.

यंदा काकांकडे चहाला गेले तेव्हा भिंतीवरच्या त्यांच्या कोर्सच्या फोटोवरून बोलणं निघालं. तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा, दात दाखवून हसणारा एक पोरगा. त्याचं विमान साध्या सरावात पडलं. युद्ध नाही, पदक नाही. मी म्हटलं, ‘काका, मग पुढे काय झालं?’

‘पुढे कमिटी बसली,’ काका म्हणाले.

मला वाटलं चौकशी समिती. ती नव्हे. सैन्यात माणूस गेला की त्याच्या खोलीला कुलूप लागतं आणि ‘कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट’ बसते. त्यासाठी १९५० चा एक कायदाच आहे. तिने मृताच्या वस्तूंची यादी करायची, त्याची तिथली देणी भागवायची आणि उरलेलं घरच्यांकडे पोचेल असं बघायचं. कमिटीवर अधिकारी युनिटमधलेच, म्हणजे बहुधा आदल्या रात्री त्याच्याबरोबर जेवलेले. त्या वेळी त्यांत काका होते. वय चोवीस.

‘एक जण वस्तू उचलून नाव सांगायचा, दुसरा लिहायचा. लिहिणारा मी. शर्ट, पांढरे, चार. रेझर, एक. बूट, दोन जोड. वाचनालयाचं पुस्तक, एक, परत करणे. मेसचं बिल निघालं, कॅन्टीनची उधारी निघाली. एक पत्र अर्धवट लिहिलेलं होतं, ते आम्ही न वाचता पाकिटात घातलं. हसू नको, पण मध्येच आम्हालाच हसू आलं. कपाटाच्या तळाला लोणच्याची बरणी निघाली, कुणाला न सांगता लपवून ठेवलेली. दोन महिने आम्ही मेसच्या बेचव डाळीला शिव्या घालत होतो आणि हा एकटा खोलीत लोणचं खात होता!’

काका थांबले. चहावर साय धरली होती, ती चमच्याने बाजूला केली.

‘मग स्वेटर निघाला. मरून. माझ्या आईने विणलेला. थंडीत एका रात्रीपुरता म्हणून मागून नेला होता त्याने.’

‘मग तुम्ही सांगितलं?’

‘अगं, यादी मीच लिहीत होतो. समोरच्याने विचारलं, काय लिहू या? मी लिहिलं, स्वेटर, लोकरीचा, मरून, एक.’

पेटी त्याच्या गावी गेली. काही वर्षांनी काका त्याच्या आईवडिलांना भेटायला गेले, तेव्हा त्याचे वडील अंगणात तोच स्वेटर घालून बसले होते. मुलाला हा स्वेटर फार आवडायचा, असं त्यांनी काकांना सांगितलं. काका म्हणाले, हो, आम्हाला तो कधी हात लावू देत नसे.