कावळा, फांदी आणि मोतीची खाज

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. वय वर्षे तीन. रात्री सगळी निजानीज झाली, की त्याच्या गळ्यातल्या साखळीची खुळखुळ सुरू होते. तो कान खाजवतो, पंजे चावतो, पोटाची कातडी चाटून चाटून लाल करतो. चार महिने झाले, तरी हे थांबलेले नाही.

अशा वेळी घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. आजी म्हणते, "उष्णता झाली आहे, त्याला ताकभात घाला." काका नवा साबण आणतात. शेजारचे आजोबा सांगतात, "चिकन बंद करा." आई त्याचे पोते धुऊन उन्हात टाकते. बाबा दुकानातून मलम आणतात. आणि हे सारे उपाय एकाच रविवारी सुरू होतात! पंधरा दिवसांनी मोतीची खाज खरोखरच कमी होते. आता सांगा, श्रेय कोणाचे? ताकाचे, साबणाचे, चिकनबंदीचे, उन्हाचे की मलमाचे? प्रत्येक जण म्हणतो, "माझ्या उपायाचे." महिन्याभराने खाज परत येते, तेव्हा मात्र सगळे गप्प!

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. फांदी कावळ्याच्या वजनानेच मोडली, की ती आधीच कुजलेली होती, हे नुसते पाहून कळत नाही. माझे मत असे, की कुत्र्याच्या जुनाट खाजेचे कारण शोधणे हे औषधाइतकेच पद्धतीचे काम आहे. आणि त्या पद्धतीतली सर्वांत मोलाची पायरी नेमकी तीच आहे, जी पुष्कळ घरांत गाळली जाते. ती कोणती, हे सांगण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका पाहू.

ओळखीचाच शत्रू

अ‍ॅलर्जीच्या अभ्यासात कुत्र्याला मानाचे, पण दुःखाचे स्थान आहे. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्प या सागरी प्राण्याच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. पहिली मात्रा पचवून ठणठणीत झालेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी त्याहून पुष्कळ लहान मात्रा दिली, तर तो काही मिनिटांतच दगावला! शरीराला विषाची सवय होण्याऐवजी शरीर त्याविषयी अतिसंवेदनशील झाले होते. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द मात्र १९०६ साली क्लेमेन्स फोन पिर्के या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी घडवला.

यातून आपल्या कामाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. अ‍ॅलर्जी होण्यासाठी शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. म्हणून "तो तर दोन वर्षे हेच खातो आहे, मग आताच कसे बाधेल?" हा युक्तिवाद लंगडा आहे. रोजच्या ताटलीतला जुना पदार्थच पुष्कळदा संशयित असतो.

दुसरी अडचण अशी, की माणसाला परागकणांची अ‍ॅलर्जी असली तर तो बहुधा शिंकतो. कुत्रा बहुधा खाजवतो. कारण पिसवांचे असो, अन्नाचे असो की धुळीचे, तक्रार कातडीवरच दिसते. तेव्हा लाल पोट पाहून "हे चिकनमुळेच" असे म्हणणारा माणूस निदान करत नसतो, अंदाज करत असतो.

आधी पिसवा, मग पोळी

मग सुरुवात कोठून करावी? जे वारंवार आढळते आणि सहज तपासता येते, तेथून.

पहिला संशय पिसवांवर. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला थोडे चावेही पुरतात. खाज विशेषतः शेपटीच्या बुडाशी व पाठीच्या मागच्या भागावर दिसते. "आमच्या मोतीवर एकही पीस दिसत नाही" हे उत्तर पुरेसे नाही. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे. ती रक्त पिणाऱ्या पिसवेची विष्ठा होय. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. आणि घरातल्या एकूण पिसवांपैकी पूर्ण वाढलेल्या, कुत्र्याच्या अंगावर वावरणाऱ्या थोड्याच असतात. बाकीच्या अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपाने पोत्यात, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत असतात. कोश तर काही महिनेही दबा धरून राहू शकतो. म्हणून उपाय कुत्र्यावर आणि घरावर, दोन्हीकडे व सलग करावा लागतो.

दुसरा संशय खरजेच्या किड्यावर. कानांच्या कडा आणि कोपरे यांवर खपल्या धरल्या असतील, घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर पशुवैद्यांना हे आवर्जून सांगा. तिसरा संशय जंतू व बुरशी यांच्यावर. खाजवून फुटलेल्या कातडीवर ही मंडळी ठाण मांडतात आणि मूळ खाज दुप्पट करतात. पशुवैद्य काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पाहू शकतात.

हे तिन्ही संशयित दूर केल्यावरही खाज उरली, तरच अन्नाकडे वळावे.

आठ आठवड्यांचा प्रयोग

अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखण्याची भरवशाची रीत अजूनही स्वयंपाकघरातच आहे. मोतीने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ निवडायचा, उदाहरणार्थ एखादा मासा आणि रताळे, आणि सलग आठ आठवडे तेवढेच द्यायचे. ज्यातील प्रथिनांचे फार बारीक तुकडे केलेले असतात, असे तयार अन्नही पशुवैद्य सुचवतात. निवड त्यांच्या सल्ल्यानेच करावी. वाढत्या पिलाला अपुऱ्या अन्नावर ठेवणे धोक्याचे असते. आठ आठवडेच का? कारण उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेता, अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या दर १० कुत्र्यांपैकी ९ हून अधिक कुत्री एवढ्या मुदतीत सुधारलेली आढळली. पंधरा दिवसांत प्रयोग सोडणाऱ्याची पुष्कळदा फसगत होते.

कोणते पदार्थ बाधतात? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी ३४ टक्के कुत्र्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दूधदुभते, १५ टक्क्यांना कोंबडी आणि १३ टक्क्यांना गहू बाधत होता. हे आकडे वाचताना एक विचार करा. कुत्र्याला बाधते ते बहुधा त्याला वारंवार मिळणाऱ्या अन्नापैकी. आपल्याकडे पुष्कळ कुत्री दूधपोळीवर आणि चिकनभातावर वाढतात. तेव्हा नुसते चिकन बंद करून दूधपोळी चालू ठेवली, तर काय कळणार?

या प्रयोगाचा खरा शत्रू म्हणजे आपली माया. आजी पोळीचा एक तुकडा टाकते. धाकटा भाऊ बिस्किटाचा चुरा सांडतो. खालच्या मजल्यावरच्या काकू हाडूक देतात. मांसाची चव लावलेली औषधाची गोळीदेखील प्रयोग बिघडवू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून समजावून सांगा. दारावर चिठ्ठी लावा. आणि एक वही घाला. रोज रात्री खाजेला ० ते १० पैकी गुण द्या, शक्यतो एकाच व्यक्तीने, आणि कालचा आकडा न पाहता. आपले डोळे आशेला फार लवकर फितूर होतात. वही होत नाही.

गाळलेली पायरी

आता समजा, आठ आठवड्यांनी वहीतला आकडा ८ वरून २ वर आला. मोती रात्रभर झोपू लागला. घरात आनंदीआनंद! कारण सापडले ना?

नाही. अजून नाही. आता मोतीला त्याचे जुने अन्न पुन्हा द्यायचे आहे.

हीच ती गाळलेली पायरी. ती गाळली जाते याचे कारण आळस नव्हे, दया आहे. "बिचारा आत्ता कुठे बरा झाला, त्याला मुद्दाम कशाला खाजवायला लावता?" असे कोणीही म्हणेल. हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

मोती बरा झाला तो कशाने? प्रयोग श्रावणात सुरू झाला आणि आश्विनात संपला, असे धरा. दमट हवा ओसरली की घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि पिसवाही कमी होऊ शकतात. त्याच सुमारास जंतूंवरचे औषध पूर्ण झालेले असते. अन्न बदलले ही एक घटना, खाज थांबली ही दुसरी. दोहोंमध्ये कार्यकारणभाव आहे, की नुसती कावळ्याची आणि फांदीची गाठ? याचा निवाडा एकाच रीतीने होतो. जुने अन्न दिल्यावर खाज परत यावी आणि ते बंद केल्यावर पुन्हा थांबावी. अन्नच दोषी असेल, तर खाज बहुधा काही तासांत किंवा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत परतते. पहिली स्पष्ट लक्षणे दिसताच चाचणीच्या अन्नावर यायचे. मग एकेक पदार्थ स्वतंत्रपणे देऊन नेमका गुन्हेगार हुडकायचा. पूर्वी अन्नाने जिवावर बेतलेल्या कुत्र्यावर हे कधीही करू नये, आणि इतरांवरही पशुवैद्यांना विचारूनच करावे.

आता तराजूत घालून पहा. एका पारड्यात काही दिवसांची खाज. दुसऱ्या पारड्यात काय? ज्या अन्नाचा दोषच नव्हता त्यावर जन्मभर बंदी, महागड्या खाद्याचा न संपणारा खर्च, आणि पुढच्या पावसाळ्यात खाज परतली की पुन्हा पहिल्यापासून अंधारात चाचपडणे. मला विचाराल, तर ही पायरी गाळणारी दया अपुरी आहे. थोडे दिवस सोसायला लावून पुष्कळ वर्षांचे दुःख टाळते, ती पुरी दया.

कृत्रिम केसांची अ‍ॅलर्जी!

"एवढा खटाटोप कशाला? केस आणि लाळ तपासणीला पाठवली की यादी येते," असेही कोणी सांगेल. अशा चाचण्या विकल्या जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केस आणि लाळेऐवजी निर्जंतुक मिठाचे पाणीही पाठवले. खऱ्या कुत्र्यांचे निकाल आणि या खोट्या नमुन्याचे निकाल यांत फरक करता आला नाही! अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताची तपासणीही भरवशाची ठरलेली नाही. उत्तर झटपट मिळाले म्हणजे ते बरोबर मिळाले, असे नव्हे.

औषधांविषयी दोन शब्द. प्रयोग चालू असताना कुत्र्याला तळमळत ठेवा, असे मी म्हणत नाही. सुरुवातीला खाज शमवणारे औषध पशुवैद्य देतील आणि योग्य वेळी थांबवतील. ते चालू असताना मात्र वहीतला आकडा अन्नाविषयी काही सांगत नाही, एवढे ध्यानात ठेवा. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची गोळी खाज झटकन दाबते. पण तहान, भूक व लघवी वाढवते, जंतूंना वाव देते आणि कारण झाकून ठेवते. गाडीचे जळके तेल अंगाला चोपडण्याची रीत तर विषारीच. कुत्रा ते चाटणारच.

आणि मोती अन्नबदलाने सुधारलाच नाही, तर? तर दोन महिने फुकट गेले असे समजू नका. अन्न निर्दोष ठरले, त्याची पोळी त्याला परत मिळाली. आता संशय उरतो धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू यांवर. ही अ‍ॅलर्जी बहुधा मुळातून जात नाही, पण ताब्यात ठेवता येते. कातडीवरील चाचण्यांचा खरा उपयोग येथे होतो, कारण त्यांवरून लशीतले घटक ठरवता येतात. त्या लशीचा गुण दिसायला कधी कधी वर्षही लागते.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत आपण मुलांकडून जे प्रयोग करून घेतो, त्यांची उत्तरे पुस्तकात आधीच छापलेली असतात. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, असा प्रयोग मुलांना क्वचितच मिळतो. वर्गात ज्याच्या घरी असा खाजणारा कुत्रा असेल, त्याला एक कोरी वही द्या. पहिल्या पानावर त्याने एवढेच लिहावे: आज काय बदलले? आणि त्याखाली एकच ओळ असावी. दोन ओळी झाल्या, तर त्यांतली एक खोडायला सांगा.