'चालकाचा ताबा सुटला' म्हणजे नेमकं काय सुटलं?



अग्निशमन दलाचा बंब रस्त्यात उलटला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं वाक्य आधीच छापून ठेवल्यासारखं असतं. 'चालकाचा ताबा सुटला.' गुन्हाही बहुतेक वेळा त्याच्यावरच नोंदवला जातो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 279 आणि 304-अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 106 आहे. कलमांचे आकडे बदलले, आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस तोच राहिला. आणि तो आडनावावरून आपल्यातला निघाला, तर टपरीवरचं पुढचं वाक्यही तयारच असतं: कोट्यातून भरती केल्यावर दुसरं काय होणार?

आम्ही उलट विचारतो. चालकाचा ताबा सुटण्याआधी गाडीचा एखादा सांधा सुटला होता का?

अमेरिकेत हा प्रश्न विचारायची कायदेशीर रीत आहे. तिथे अग्निशमन गाडीच्या ॲक्सलचं वेल्डिंग सदोष असून त्यामुळे जीवाला धोका आहे असं कंपनीला कळलं, की पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारच्या वाहन सुरक्षा संस्थेला लेखी कळवावं लागतं. किती गाड्या, त्यातल्या अंदाजे किती टक्के गाड्यांत दोष असेल, तो कसा आणि केव्हा लक्षात आला, दुरुस्ती काय करणार. हे सगळं कोणालाही वाचता येतं. मग 60 दिवसांच्या आत मालकाला पत्र, आणि दुरुस्ती फुकट. मोटारी लाखांनी विकल्या जातात, बंब शेकड्यांनी. पण गाड्या थोड्या आहेत म्हणून कंपनीला सूट मिळत नाही. याला 'रिकॉल' म्हणतात, म्हणजे विकलेली गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावणं.

एवढ्याशा वेल्डिंगचा एवढा बाऊ कशाला, असं कुणाला वाटेल. साधा ट्रक माल उतरवतो आणि रिकामा परततो. बंबाला ती उसंत नाही. तो रात्रंदिवस भरलेल्या टाकीसह उभा असतो, आणि हाक आली की पूर्ण वजन घेऊन सुसाट निघतो. 4,500 लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचे साडेचार टन, तेही वळणावर एका अंगाला धावणारे. हे सगळं ओझं शेवटी ॲक्सलवर येतं. वेल्डिंग करताना धातू खोलवर वितळून एकजीव झाला नसेल, आत पोकळी राहिली असेल, तरी वरून सांधा देखणा दिसतो. मग प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक त्याच जागी ताण देतो. केसाएवढी चीर पडते, वाढते, आणि एके दिवशी सांधा सोडतो. चालक सकाळी टायर बघेल, ऑइल बघेल, ब्रेक बघेल. लोखंडाच्या पोटातली चीर तो कुठल्या डोळ्याने बघणार? त्यासाठी अल्ट्रासॉनिक किंवा चुंबकीय तपासणी लागते. ती यंत्रं कारखान्यात असतात, चालकाच्या खिशात नाही.

अमेरिकेतल्या कंपन्या जात्याच सज्जन आहेत म्हणून तिथे हे घडलं, असं मानणाऱ्यांनी इतिहास वाचावा. 1965 साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या धोकादायक रचनेवर पुस्तक लिहिलं. जनरल मोटर्सने त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. प्रकरण उघड झालं आणि 1966 साली कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन सुरक्षा कायदा झाला. त्यातही कंपनीवर सुरुवातीला फक्त कळवण्याचं बंधन होतं. दोष फुकट दुरुस्त करून देण्याची सक्ती व्हायला 1974 उजाडलं.

कायदा झाल्यावरही लपवालपवी थांबली नाही. याच जनरल मोटर्सच्या मोटारींमध्ये किल्ली फिरवायचं स्विच चालत्या गाडीत आपोआप बंद व्हायचं. इंजिन बंद, आणि अपघात झाला तर एअरबॅगही बंद. कंपनीतल्या इंजिनिअरांना हे दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होतं. 2006 च्या सुमारास सुटा भाग गुपचूप बदलला गेला, पण भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्याच भरपाई निधीने 124 मृत्यू मान्य केले. त्याआधीच्या वर्षांत यातल्या किती अपघातांत चालकालाच दोष दिला गेला असेल? टेक्सासमधल्या एका तरुणीने तर मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा कबूल करून वर्षानुवर्षं डोक्यावर वागवला. सत्य बाहेर आल्यावर कोर्टाने तिला निर्दोष केलं.

आमचा मुद्दा हा आहे. रिकॉलची नोटीस लोखंड दुरुस्त करतेच, पण ती दोषाचा पत्ताही बदलते. चालकाच्या सीटवरून तो पत्ता कारखान्याच्या टेबलावर जातो. माणसाच्या हालअपेष्टांचं खापर त्याच्याच लायकीवर फोडायचं आणि व्यवस्थेने नामानिराळं राहायचं, हा खेळ आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. म्हणून काही मित्र 'यात आंबेडकरी चळवळीचं काय?' असं विचारतात तेव्हा नवल वाटतं.

आता आपल्याकडे या. 2012 पर्यंत भारतात रिकॉल म्हणजे कंपनीची मर्जी. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःची स्वेच्छा संहिता आणली, म्हणजे परीक्षार्थीनेच पेपर तपासायचा. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि केंद्र सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. एखादा सुटा भाग सदोष असेल, तर तो ज्या ज्या गाड्यांत बसवला आहे त्या सगळ्या परत बोलावता येतात, मॉडेल कुठलंही असो. बंबासाठी हे फार मोलाचं आहे. कारण चासी एका कंपनीची, ॲक्सल दुसऱ्या कारखान्याचा, टाकी आणि बॉडी सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या तिसऱ्याची. मोडलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

पण कलम नीट वाचा. तक्रार कोणाची मोजणार? ठरावीक टक्के मालकांची. बंबाचा मालक कोण? महापालिका, नगरपरिषद. ज्याचा जीव जाणार तो फायरमन मालक नाही. ज्याच्या पत्र्याच्या घरापर्यंत बंब पोचणार नाही तो वस्तीतला माणूस तर हिशेबातच नाही. खरेदीच्या फाइलवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनीच 'आम्ही सदोष गाडी घेतली' असं लिहून द्यायचं! शिवाय नियमांनी ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती ठेवली. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षं असतो. छोट्या नगरपरिषदेचा बंब सात वर्षांत तर कुठे घरचा होतो.

तरीही त्याच कलमात एक दार उघडं आहे. मालक आणि तपासणी संस्था यांच्याबरोबर 'इतर कोणताही स्रोत' असे शब्द तिथे आहेत. हा इतर स्रोत आपण का होऊ नये? रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता. पाण्यापर्यंत मात्र 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागे चालत गेल्यावरच हात पोचला.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे की आपल्या नगरपरिषदेत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. प्रत्येक बंबाची चासी कोणत्या वर्षाची, ॲक्सल कोणाचा, टाकी भरून वजन किती आणि त्या ॲक्सलची मंजूर क्षमता किती, हे विचारा. सांध्यांची शेवटची तपासणी कधी झाली आणि कोणत्या पद्धतीने, याचा अहवाल मागा. चालकांनी गाडीतले दोष ज्या नोंदवहीत लिहिले तिच्या प्रती घ्या. दोष सापडला तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला 110-अ चा स्पष्ट उल्लेख करून तक्रार करा, आणि तीच प्रत अग्निशमन कामगारांच्या संघटनेलाही द्या. बंब उलटून चालकावर गुन्हा नोंदला गेला असेल, तर मोडलेला ॲक्सल भंगारात जाण्याआधी तो जप्त करून तपासायला पाठवावा, असा अर्ज त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.