बाष्पयंत्राचें लहान रूप

आगगाडी ही आपल्या उपनगरांची जुनी शेजारीण होय. मुलुंड, भांडुप, घाटकोपर येथील मनुष्य तिच्या वेळापत्रकावर उठतो-बसतो आणि अंधेरी-बोरिवलीकडील गृहिणी तिच्या आवाजावरून डब्याची वेळ ओळखते, असें म्हटल्यास त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु इतक्या निकट राहणाऱ्या या शेजारणीचें कुलवृत्त आपणांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

त्यास निमित्तहि तसेंच घडलें. मुलुंड येथील एका वाचक भगिनीनें आम्हांस कळविलें आहे कीं, त्यांच्या घरांतील नववींत शिकणाऱ्या पुतण्यानें वाफेवर चालणारें लहानसें इंजिन स्वहस्तें करण्याचा ध्यास घेतला आहे. घर नांदतें, माणसें अकरा. त्यामुळें मतेंहि जवळजवळ तितकींच. मामंजींचें म्हणणें, कानस घासणें हें शिकल्यासवरल्या घरांतील मुलाचें काम नव्हे. यजमानांचें म्हणणें, वाफेचीं इंजिनें इतिहासजमा झालीं. त्यांपायीं वेळ दवडणें म्हणजे अभ्यासाची हानि. धाकट्या जाऊबाईंस, म्हणजे मुलाच्या आईस, स्फोटाची धास्ती. मुलगा मात्र आठ दिवस कोणाशीं धड बोललेला नाहीं. अशा वेळीं काकूनें कोणाची बाजू घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. वडीलकीचा मान म्हणून आजोबांचा आक्षेप प्रथम घेऊं.

ज्या शोधानें जगाचा व्यवहार पालटला, त्याचें मूळ एका बिघडलेल्या प्रतिकृतींत आहे, ही गोष्ट आजोबांच्या कानीं घालण्यासारखी आहे. न्यूकोमेन यानें १७१२ च्या सुमारास खाणींतील पाणी उपसण्याचें बाष्पयंत्र उभारलें होतें. त्याची एक लहान प्रतिकृति ग्लासगो विद्यापीठांत विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठीं ठेविलेली असे. ती नीट चालेना, म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यांत ती दुरुस्तीस देण्यांत आली. दुरुस्त करणारा गृहस्थ पदवीधर पंडित नव्हता. विद्यापीठासाठीं गणिताचीं उपकरणें तयार करणारा तो कारागीर होता. त्याचें नांव जेम्स वॅट.

प्रतिकृति दोनचार हेलकावे घेई आणि थांबे. बाष्पपात्रांतील वाफ पुरेना. दुसरा कोणी असता तर पात्र मोठें करून मोकळा झाला असता. वॅटनें वाफ कोठें जाते याचें माप घेतलें. त्याच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक हेलकाव्यास नळकांडें तापतें आणि लगेच गार पाण्यानें थंड होतें. बहुतेक वाफ तें पुन्हां तापविण्यांतच खर्ची पडते. लहान यंत्रांत हा तोटा अधिक ठळक दिसला, इतकेंच. वाफ थंड करण्याचें पात्र नळकांड्याहून निराळें ठेवावें ही युक्ति त्यास १७६५ मध्यें सुचली आणि १७६९ मध्यें त्यानें तिचें पेटंट घेतलें. ज्ञान आणि हात एका मनुष्याच्या ठायीं एकत्र आल्याचें हें फळ होय. हात निराळे व डोकें निराळें असतें, तर ती प्रतिकृति कदाचित् तशीच कपाटांत पडून राहिली असती.

पुढील परंपराहि अशीच आहे. वॅटच्याच कारखान्याचा चाकर मर्डॉक यानें १७८४ च्या सुमारास वाफेच्या गाडीची चालती प्रतिकृति केली. ट्रेव्हिथिकनें आधीं लहान नमुने करून पाहिले आणि १८०४ मध्यें वेल्समध्यें रुळांवरून खरें इंजिन चालविलें. १८२९ च्या आक्टोबरांत रेनहिलच्या प्रसिद्ध शर्यतींत स्टीफन्सन पितापुत्रांचें ‘रॉकेट’ विजयी झालें. त्याच्या बाष्पपात्रांतून तांब्याच्या पंचवीस नळ्या गेलेल्या होत्या, त्यामुळें विस्तवाची आंच पाण्यास पुष्कळ ठिकाणीं भिडे. आणि वापरलेली वाफ धुराड्यांत सोडलेली असल्यामुळें ती आपल्याबरोबर धूर ओढून नेई व मागें भट्टींत ताजी हवा शिरे. इंजिन जितकें जोरानें धांवे, तितका त्याचा विस्तव आपोआप फुले. मुलें आगगाडीचा खेळ खेळतांना ‘झुक् झुक्’ करतात, तो आवाज याच वाफेचा. दोन नळकांडीं, प्रत्येकांत दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनीं वाफ. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यास चार ठोके. ज्या घरांत वेदपठणाचे स्वर मोजले जात, त्या घरास हे ठोके मोजणें जड जाऊं नये.

आतां यजमानांचा आक्षेप. वाफ इतिहासजमा झाली हें खरें. परंतु तो इतिहास आपल्याच दाराशीं घडला आहे. मुंबईहून ठाणें व घाटमाथ्याकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी इंजिनियराच्या मनांत १८४३ मध्यें भांडुपच्या भेटींत आली, असें रेल्वेच्या इतिहासांत नमूद आहे. म्हणजे पत्र पाठविणाऱ्या भगिनीच्या घरापासून दोन स्टेशनांचें अंतर! १८५२ मध्यें कंत्राटदारांच्या कामासाठीं ‘फॉकलंड’ नांवाचें इंजिन भायखळ्याकडे फिरूं लागलें. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं चौदा डबे व सुमारें चारशें पाहुणे घेऊन पहिली गाडी एकवीस तोफांच्या सलामींत बोरीबंदराहून निघाली आणि चौतीस किलोमीटरांवरील ठाण्यास गेली. तिला तीन इंजिनें होतीं. साहिब, सिंध आणि सुलतान अशीं त्यांचीं नांवें परंपरेनें सांगितलीं जातात. आज घाटकोपर-मुलुंडचे लोक ज्या मार्गानें जातात, तोच तो मार्ग. पश्चिमेकडे १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली, तेव्हां तिच्या स्थानकांत अंधेरी व बोरिवली हीं होतीं. इंग्रजी कागदांत मात्र तीं ‘अंडारू’ व ‘बेरेवला’ अशा वेषांत दिसतात.

विजेची गाडी या मुंबईंतच ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं कुर्ल्यापर्यंत धांवली आणि १९२८ मध्यें बोरिवलीपर्यंतचा मार्ग विजेचा झाला. १९३० पर्यंत पुणें व इगतपुरी येथपर्यंत तारा पोंचल्या. म्हणजे देशांत वाफेचा मान जेथें प्रथम झाला, तेथूनच ती प्रथम निवृत्त झाली. चित्तरंजनच्या कारखान्यांतून रुंद मार्गाचें शेवटचें वाफेचें इंजिन १९७० मध्यें बाहेर पडलें. त्याचें नांवच ‘अंतिम सितारा’. रुंद मार्गावरील वाफेची अखेरची नित्याची गाडी १९९५ च्या डिसेंबरांत पंजाबांत चालली.

या इतिहासानें परीक्षेंत गुण मिळतील काय? कदाचित् मिळणार नाहींत. परंतु प्रतिकृति करूं लागतांच मुलापुढें जें गणित उभें राहतें, तें कोणत्याहि शिकवणीच्या तोडीचें आहे. शुल्बसूत्रकारांनीं अग्निचितीविषयीं हाच प्रश्न घातलेला आहे. पहिली चिति साडेसात चौरस पुरुष क्षेत्राची, पुढील साडेआठ, असें वाढवीत साडेएकशेएकपर्यंत जावयाचें. आकृति मात्र बदलतां कामा नये. मग बाजू किती वाढवावी? क्षेत्र दुप्पट करावयाचें तर बाजू दुप्पट करून भागत नाहीं, ती १.४१४ पटीच्या आसपासच वाढवावी लागते. अग्नीचें पात्र मोठें करण्याचें हें शास्त्र लहान करण्यासहि तसेंच लागू आहे.

समजा, इंजिन बाराव्या हिश्श्यानें करावयाचें आहे. आपल्या रुंद मार्गाच्या रुळांतील साडेपांच फुटांचें अंतर तेथें साडेपांच इंच झालें. पण दट्ट्याचें क्षेत्र १२ × १२, म्हणजे १४४ पट कमी झालें आणि वजन १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ पट कमी. बहात्तर टनांचें इंजिन तेथें सुमारें ४२ किलोंचें होईल. वाफेचा दाब मूळ इतकाच ठेवला, तर वजनाच्या मानानें त्याचा जोर बारा पट वाढला आणि चाकें जागच्या जागीं घसरूं लागलीं. उलट पाण्याच्या मानानें पात्राचा पृष्ठभागहि बारा पट झाला; म्हणून उष्णता झपाट्यानें बाहेर जाते. वॅटच्या प्रतिकृतींतील अडचण ती हीच. पाण्याची पातळी दाखविणारी कांचनळीहि बाराव्या हिश्श्यानें बारीक केली, तर पाणी तिच्या अंगास चिकटून राहतें व खोटी पातळी दाखवितें. आकार लहान करतां येतो. पाणी, वाफ आणि विस्तव यांचा स्वभाव मात्र लहान होत नाहीं. हें ज्या मुलास हातानें कळलें, त्यास घनफळाचें कोष्टक पाठ करावें लागणार नाहीं.

आईच्या भीतीस आम्ही तिन्हींत अधिक मान देतों, कारण तीच खरी आहे. बाष्पपात्र हें खेळणें नव्हे. त्याविषयीं जाणत्या कारागिरांचे नियम असे : पात्र तांब्याचें असावें व सांधे रुप्याच्या डाकानें झाळलेले असावे. साधा कथलाचा डाक १८० अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळतो आणि साडेपांच पट दाबाची वाफ १५५ अंशांच्या वर असते; पाणी जरा कमी झालें कीं सांधा सुटलाच. नवें पात्र विस्तवावर ठेवण्यापूर्वीं गार पाण्यानें तोंडोतोंड भरून, नित्याच्या दुप्पट दाबानें पारखावें. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं. म्हणून सांधा फुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब तेथेंच संपतो. तोच सांधा वाफेनें फुटला तर दैव आडवें यावें लागतें. शिवाय आपोआप उघडणारी सुरक्षेची झडप हवी आणि पाणी आंत घालण्याचे दोन मार्ग हवे. मुलानें हें पात्र स्वतः करूंच नये; जाणत्याकडून पारखलेलें घ्यावें.

तर मग मुलानें करावें काय? विलायतेंत ‘मॉडेल इंजिनियर’ हें नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यानें १८९८ मध्यें काढलें. त्यांत ‘एल. बी. एस. सी.’ या टोपण नांवाचा एक लेखक घरच्या ओसरींत काम करणाऱ्या नवशिक्यांसाठीं चाळीसांहून अधिक वर्षें सोप्या भाषेंत लिहीत असे. अशा मंडळींचा शिरस्ता असा कीं, आधीं चाकें, मग दट्ट्या व नळकांडीं, आणि सर्व जुळल्यावर तें आधीं हवेवर चालवावयाचें. नळकांडें लहान असलें तर सायकलच्या पंपाची हवाहि चारदोन फेऱ्यांस पुरते. विस्तव सर्वांत शेवटीं. तोंपर्यंत दोन वर्षें जातील आणि मुलगा अधिक समंजस झालेला असेल.

दरम्यान त्यास दोन ठिकाणीं न्यावें. पुण्यास कोथरुडमध्यें बी. एस. जोशी (भाऊ जोशी) यांनीं उभारलेलें लहान रेल्वेंचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून आहे. तेथें सिग्नल व दिव्यांसह एक लहानसें नगरच चालतांना दिसतें. परदेशी प्रतिकृति बहुधा ८७ पट लहान असतात व त्यांचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे. आपल्या १६७६ मिलिमीटरांच्या मार्गास त्या मानानें सव्वाएकोणीस हवे. हें अंतर कसें साधावें, तें मुलानेंच सांगावें. दुसरें ठिकाण नेरळ. सर आदमजी पीरभॉय यांच्या चिरंजीवांनीं बांधलेला माथेरानचा दोन फुटी मार्ग १९०७ मध्यें खुला झाला. चढ विसांत एक आणि वळणें विलक्षण अरुंद. म्हणून जर्मनींतील ओरेनस्टाइन व कॉपेल यांचीं जीं इंजिनें आणलीं, त्यांचे पुढचे व मागचे आंस पोकळ असून वळणावर चाकांस किंचित् सरकूं देत. त्यांतील एक आतां दिल्लीच्या संग्रहालयांत आहे आणि एक थेट इंग्लंडांत पोंचलें आहे.

आम्हीं काकूंस कळविलें आहे कीं, त्यांनीं मुलाची बाजू घ्यावी. पण आईच्या अटी मान्य करून. गच्चीच्या कोपऱ्यांत एक फळी, एक पकड, दोन कानशी आणि रविवारचे दोन तास. गुण घसरले तर तेहि बंद. आणखी एक काम त्याच्याकडे सोंपवावें. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकलेले फायरमन आणि तीं हांकलेले चालक कल्याण, मनमाड, भुसावळ येथें अद्याप आहेत. त्यांतले धाकटेहि आतां पन्नाशीच्या पलीकडे गेले. विस्तव कोठें पातळ ठेवावा, चढाआधीं पाणी किती घ्यावें, ठोक्याच्या आवाजावरून झडप बिघडल्याचें कसें ओळखावें, हें ज्ञान पुष्कळसें त्यांच्या हातांत आहे, कागदावर नाहीं. मौखिक विद्येची किंमत आपल्या घरांस वेगळी सांगावयास नको. मुलानें वही घेऊन अशा एखाद्या आजोबांपुढें बसावें आणि जमल्यास स्वतःच्या आजोबांसहि बरोबर न्यावें. ज्यांनीं आयुष्यभर हातानें काम केलें त्यांस कोणीं कांहीं विचारलें, तर त्यांस आनंदच होईल.