फीस्ट, गॅदरिंग आणि राजवाड्यांचं दप्तर

मित्रांनो, हॉस्टेलच्या गेल्या जनरल बॉडी मीटिंगला जे हजर होते त्यांना माझा प्रस्ताव कसा आपटला ते माहीतच आहे. जे नव्हते (म्हणजे जवळजवळ सगळेच) त्यांच्यासाठी सांगतो. गॅदरिंगच्या वर्गणीतले १८,४०० रुपये उरले होते. त्यांचं काय करायचं हा विषय निघाला. मी उठून म्हटलं, गावातल्या राजवाडे संशोधन मंडळाला देऊ या. क्षणभर शांतता. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "ते काय असतं रे भाऊ?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "पनीरची फीस्ट करा!" हात वर झाले, ठराव पास झाला, फीस्ट झाली. मीही खाल्ली. खोटं कशाला बोलू, चांगली झाली होती.

"ते काय असतं" हा प्रश्न तेव्हा झोंबला. पण दोन वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता. चार वर्षं धुळ्यात काढून आपल्याला काय माहीत होतं? स्टँड, पाच कंदील, आग्रा रोड, शेवभाजी कुठली चांगली आणि झेरॉक्स कुठे स्वस्त. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचा माणूस याच गावात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारला, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी २२ खंड काढले, त्यातला पहिला १८९८ सालचा. बायको लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीत रमले नाहीत. गावोगाव हिंडायचं, हाताने रांधून खायचं, आणि वाड्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलेले कागद मालकाची मनधरणी करून सोडवून आणायचे, हा त्यांचा उद्योग. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं त्यात ते पुढे होते. नंतर तिथे पटेना म्हणून बाहेर पडले आणि अखेर धुळ्यात आले. ते गेल्यावर त्यांचे कागद विखरू नयेत म्हणून धुळेकरांनी १९२७ साली त्यांच्या नावाचं मंडळ काढलं. तेच हे मंडळ. हस्तलिखितं, जुने कागद, नाणी, मूर्ती, सगळं तिथे आहे, आणि आपल्या गेटपासून रिक्षाने फार तर पंधरा-वीस मिनिटांवर.

मी तिथे गेलो तो काही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, मिनी प्रोजेक्टच्या भीतीने. विषय होता पांझरेवरचे फड बंधारे. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या दोस्तांसाठी थोडक्यात: साक्री, धुळे भागात पांझरेवर आणि शेजारच्या नद्यांवर छोटे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि पाटाखालची सगळ्यांची जमीन मिळून फड पाडतात. एका फडात एका हंगामाला एकच पीक. तुझं पाणी, माझं पाणी असा प्रकार नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाट साफ करायची वेळ आली की ज्याची जेवढी जमीन त्या मानाने त्याने माणूस नाहीतर पैसा द्यायचा. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. आपल्या इरिगेशनच्या टेक्स्टबुकात तिला परिच्छेदभर जागा मिळाली तरी नशीब.

मंडळातल्या काकांनी एक रुमाल (म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं) समोर उघडला. सगळं मोडी. मला एक अक्षर लागेना. इंजिनिअरिंगची पाच सेमिस्टर पास झालेला मी, मराठी माझी मातृभाषा, आणि माझ्याच भाषेतला कागद माझ्याच जिल्ह्यात मला वाचता येईना! काकांनी दोन ओळी वाचून दाखवल्या, कुठल्याशा गावच्या वसुलीच्या होत्या. मला हवा तो कागद त्या दिवशी मिळाला नाही. मिळाला असता तरी तो हाच, हे मला कळलं नसतं.

आता जरा आपल्या खात्याविषयी. दर १५ सप्टेंबरला आपण सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, एक भाषण होतं, वडा-चहा होतो. हेच विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे पांझरेच्या परिसरात दातर्ती गावाजवळ बांधलेला नळाचा सायफन. दातर्ती साक्री तालुक्यात आहे, माझ्या गावच्या बाजूला. सिव्हिलच्या आमच्या बॅचमध्ये हे ठाऊक असणारे किती, असं विचारून पाहिलं. दोघं निघाले, त्यातला एक मीच.

इथे एक कबुली द्यायची आहे. आमच्या बंधाऱ्याच्या फडाचा हिशेब एके काळी माझ्या पणजोबांकडे असायचा. कुणी किती माणसं दिली, कुणाची बाकी राहिली, कुठल्या साली पाट फुटला, याच्या वह्या आणि सुटे कागद एका पेटीत होते. मी चौथीत असताना घराचा धाबा काढून स्लॅब टाकायचं ठरलं तेव्हा ती पेटी खाली आली. घरात कुणालाच ते वाचता येईना. मग पावसाळाभर ते कागद आंघोळीच्या बंबात गेले. आजी सांगायची तसं रोज सकाळी मूठमूठभर कागद बंबात घालायचं काम माझं होतं. जाड कागद होता, पटकन पेटायचा नाही, एवढं आठवतं. प्रोजेक्टच्या निमित्ताने गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांना फडाबद्दल विचारायला गेलो तर ते म्हणाले, "तुना पणजाना वहीमा समदं लिखेल व्हतं." मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना सांगण्याची हिंमत झाली नाही.

म्हणून हा विषय मला फक्त "सांस्कृतिक वारसा" वगैरे भाषणातला वाटत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला एकदम मोडी वाचणारे हवे झाले. त्या प्रश्नावर आपली मतं काहीही असोत, जुना कागद हा लोकांच्या पोटापाण्याचा, शिक्षणाचा कागद असतो एवढं तरी त्यातून दिसलं. त्याआधी आपण तो कागद कुणाच्या भरवशावर ठेवला होता?

पैशाचं म्हणाल, तर पैसा नाही असं नाही. २०२५ साली राज्य शासनाने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना मिळवली. मला आनंदच झाला, मी स्टेटसही ठेवलं. पण तलवार दिसते, तिच्याबरोबर फोटो काढता येतो. रुमालाबरोबर कोण फोटो काढणार? आपलं इतिहासप्रेम जयंतीला डीजे लावतं, गाडीच्या काचेवर राजमुद्रा चिकटवतं, आणि ज्या कागदांवरून हा सगळा इतिहास लिहिला गेला तिथे यायला त्याला वेळ नसतो. किंवा येतं ते नको त्या रीतीने. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमाव घुसला आणि त्याने मोडतोड केली. त्यानंतर मदतीला माणसं धावून आली, देणग्याही आल्या, चांगलंच झालं. पण वाळवी गाजावाजा करून घुसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी धावत नाही.

अशा कुठल्याही संस्थेला पैसा लागतो तो रोजच्या कंटाळवाण्या कामांना. कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त, दमट हवा, गळकं छत, विजेचं बिल, कागद सांधायला पातळ कागद आणि खळ, आणि मुख्य म्हणजे माणूस. मोडी वाचून सूची करणारा एक माणूस. गंमत अशी की जुना हातकागद आणि काजळीची शाई भलतीच चिवट असते. त्याहून वाईट हाल विसाव्या शतकातल्या छापील कागदाचे होतात. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात आम्ल तयार होतं, तो पिवळा पडतो आणि घडीवर मोडतो. म्हणजे पेशवाईतलं पत्र टिकेल आणि आपल्या आजोबांच्या काळातलं वर्तमानपत्र चुरा होईल. देणगीदाराला मात्र इमारत आवडते, कारण इमारतीला कोनशिला लागते. सूची करणाऱ्याच्या पगारावर नाव कुठे कोरणार?

"हे सरकारचं काम आहे," असं आमचे रेक्टर सर म्हणाले. सर, आदरपूर्वक असहमत. सरकारचं पुराभिलेख खातं आहे, त्याची सुरुवात १८२१ सालची. ते मुख्यतः सरकारचे कागद सांभाळतं. माझ्या पणजोबांची पेटी तिथे गेली नसती. ती जाऊ शकली असती ती गावाजवळच्या मंडळातच, आणि तीही मंडळ आहे हे आमच्या घरात कुणाला माहीत असतं तर.

दुसरा आक्षेप आपल्या कॉम्प्युटरवाल्यांचा: सगळं स्कॅन करून टाका, विषय संपला. संपत नाही. सूचीशिवाय स्कॅन म्हणजे ढिगाऱ्याचे फोटो. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत बदलावी लागते, तिचा खर्चही दरवर्षीचाच. तुमच्या स्वतःच्या फर्स्ट इयरच्या पेनड्राइव्हचं काय झालं ते आठवा, मग बोलू. स्कॅन हवंच, पण ते कामाची सुरुवात म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कामाला फडाचाच न्याय लावावा. पाट दरवर्षी गाळाने भरतो, म्हणून दरवर्षी सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं. एकदाच मोठी थैली देऊन पाट कायमचा साफ होत नाही. जुन्या लोकांनी हेच केलं. १८७८ साली सुरू झालेलं 'काव्येतिहास संग्रह' हे मासिक घ्या किंवा मिरजेला शाळामास्तरकी करत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून काढलेला 'ऐतिहासिक लेखसंग्रह' घ्या, ही कामं वर्गणीदारांच्या जिवावर उभी राहिली. वर्गणीदार म्हणजे कोण? शाळामास्तर, वकील, कारकून. आपल्यापेक्षा काही फार श्रीमंत नसतील.

आपल्या हॉस्टेलला २४० मुलं आहेत. महिन्याला प्रत्येकी १० रुपये, म्हणजे एक कटिंग. वर्षाच्या दहा महिन्यांचे २४,००० होतात. मेस बिलातच घ्यावेत, म्हणजे मागत फिरायला नको. ज्याला द्यायचे नसतील त्याने लिहून द्यावं, सक्ती नको. अट एकच, पैसे इमारतीला नाही, सूचीच्या कामाला. आणि मंडळात आपल्या कॉलेजचा बॅनर लावायचा नाही, कृपा करून! स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. आपले माजी विद्यार्थी मोठ्या कंपन्यांत आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा जतनाला सीएसआरचा पैसा देता येतो. एक पत्र तुमच्या सहीने गेलं तर त्याला वजन येईल. आमच्या सहीला काय वजन, ते केटीच्या फॉर्मवरच शोभते.

पैशाहूनही लागणारी गोष्ट म्हणजे पाय. शनिवारी अर्धा दिवस मोकळा असतो. फोटो काढणं, नंबर टाकणं, देवनागरीत शोधता येईल अशी यादी बनवणं, हे काम आपल्याला येतं. मोडीची मुळाक्षरं शिकायला मला तीन आठवडे लागले. अजून अडखळत वाचतो, पण सर्किट थिअरीपेक्षा सोपं आहे. आणि दिवाळीत घरी जाल तेव्हा माळ्यावरची पेटी एकदा उघडून बघा. वाचता नाही आली तरी फोटो काढा, आणि बंबाजवळ नेऊ नका.

मेसच्या काउंटरशेजारी मी एक कागद चिकटवला आहे. हा लेख देईपर्यंत त्यावर अकरा नावं आली आहेत. त्यातल्या दोघांचे दहा रुपये यायचे बाकी आहेत. एक माझा रूममेट.